नाशकात राहून कॅरेक्टर आर्टिस्ट आणि पटकथा लेखक दोन्ही कसं व्हायचं

नाशकात नाटक करणाऱ्या पोरापोरींचे हल्ली दोनच प्रश्न असतात, मुंबईला कधी शिफ्ट व्हायचं आणि पोर्टफोलिओला किती पैसे घालायचे. आणि जे दिसायला हिरो टाइप नाहीत, वय पस्तिशीच्या पुढे गेलंय, सातपूर नाहीतर अंबड एमआयडीसीत नोकरी आहे, ते तर प्रश्नही विचारत नाहीत, राज्य नाट्य स्पर्धेत एखादा रोल मिळाला तरी बास म्हणतात आणि तालमीला येऊन बसतात. हे सगळं मेनली त्यांच्यासाठी लिहितोय. ज्याला आपण कॅरेक्टर आर्टिस्ट म्हणतो, म्हणजे हवालदार, मास्तर, मामा, बँकेचा मॅनेजर, शेजारचे काका, त्या माणसाकडे पटकथा लिहायला लागणारा बराचसा माल आधीच असतो, त्याने तो कधी कागदावर काढलेला नसतो एवढंच.

कोणी विचारलं कसं, तर मी कॉलिन वेलंडचं करिअर समोर ठेवतो. आपल्याकडे हे नाव फार कोणाला माहीत नाही. इंग्लंडमध्ये लँकशायर भागातल्या ली नावाच्या गावी १९३४ ला जन्म, खरं आडनाव विल्यम्स, वेलंड हे नंतरचं. शाळेत चित्रकलेचा मास्तर होता. १९६२ ला मँचेस्टरच्या लायब्ररी थिएटरमध्ये लागला आणि थोड्याच दिवसांत बीबीसीच्या 'झेड कार्स' या पोलिसांच्या मालिकेत कॉन्स्टेबल झाला. हिरो वगैरे नाही, गाडीत बसून फिरणारा साधा हवालदार. मग १९६९ ला दिग्दर्शक केन लोचच्या 'केस' (Kes, त्यातल्या पक्ष्याचं नाव) सिनेमात मास्तर, त्यासाठी सहाय्यक अभिनेत्याचा बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचा मोठा सिनेमा पुरस्कार. आणि १९८२ ला याच माणसाने 'चॅरिअट्स ऑफ फायर'च्या पटकथेसाठी ऑस्कर घेतलं आणि स्टेजवरून सांगून टाकलं की ब्रिटिश येतायत! (पुढच्या वर्षी अ‍ॅटनबरोंच्या 'गांधी'ने आठ ऑस्कर नेली, म्हणजे ब्रिटिश आले खरे, पण आपल्या बापूंना घेऊन.)

आता हे वाचून लगेच राजीनामा टाइप करू नका. उलट पहिलं काम हेच की नोकरीकडे नीट बघायला शिका. वेलंडला मास्तरकीने काय दिलं बघा, 'केस'मध्ये तो मास्तर झाला तेव्हा वर्गात कसं उभं राहायचं, पोरं खिदळायला लागली की कुठे बघायचं, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. आणि १९७० ला त्याने टीव्हीसाठी 'रोल ऑन फोर ओक्लॉक' लिहिलं, तेही शाळेतलंच, चार कधी वाजतात याची वाट बघणारं. एकाच नोकरीतून रोलही निघाला आणि स्क्रिप्टही. आपल्या नाशकात वसंत कानेटकर एचपीटी कॉलेजात शिकवत होते आणि नाटकं लिहीत होते, 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२ चं. म्हणजे पगार चालू ठेवून लिहिणं ही आपल्या गावाची जुनी रीत आहे, कमीपणा नाही त्यात.

तर करायचं काय, एक साधी वही घ्या, मोबाइलमधले नोट्स चालतील पण वही बरी, आणि त्यात रोज कामाच्या ठिकाणचं एकच वाक्य लिहा, जसं बोललं गेलं तस्संच. गोष्ट लिहू नका, मत लिहू नका, फक्त वाक्य. शिफ्ट सुटताना गेटवर सिक्युरिटीवाला काय म्हणाला, कँटीनमध्ये पोहे संपले तेव्हा कोण कोणावर भडकलं, पिंपळगावला टोमॅटोचा भाव पडल्यावर शेतकरी व्यापाऱ्याला शिव्या न देता काय बोलला. शिव्या तर सगळेच लिहितात, शिवी गिळून माणूस जे बोलतो ना ते पकडा, ते डायलॉगमध्ये सोन्यासारखं चालतं. आणि नाशिकची भाषा एक नाही हे पण कान उघडे ठेवले की कळतं, पंचवटीतलं घाटावरचं बोलणं वेगळं, मालेगावकडचं वेगळं, सटाणा-कळवणकडून येणाऱ्या माणसाच्या तोंडात अहिराणी, इगतपुरी साइडचं परत वेगळं. मालिकेत सगळे सारखेच बोलतात म्हणून आपणही तसंच लिहायचं असं काही नाही.

दुसरं काम म्हणजे छोटा रोल नीट करायला शिकणं, आणि इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण सगळं इथेच आहे.

'केस' मिळाला तर बघा. बार्न्सलीकडच्या खाणकामगारांच्या वस्तीतलं बिली नावाचं पोर, घरी हाल, शाळेत मार, आणि त्याने एक ससाण्याचं पिल्लू पाळलंय. वर्गात मास्तर फार्दिंग, म्हणजे आपला वेलंड, विषय काढतो की खरी घडलेली गोष्ट सांगा. बिली आधी तोंड उघडत नाही. मग पक्ष्याचा विषय निघतो आणि पोरगं हळूहळू बोलायला लागतं, पायाला चामड्याची वादी कशी बांधायची, दोरी कुठे अडकवायची, उडायला कसं शिकवायचं. मास्तर त्याला पुढे बोलावतो, तो चामड्याच्या वादीचा शब्द फळ्यावर लिहायला लावतो, आणि बाकी वेळ काय करतो तर ऐकतो. मधेच एखादा प्रश्न, बास. सीन पूर्ण त्या पोराचा आहे, आणि तरी बाफ्टा मास्तरला मिळाला! कारण बिलीचं बोलणं महत्त्वाचं आहे हे आपल्याला कळतं ते मास्तरच्या चेहऱ्यावरून. त्याला जे नवल वाटतंय तेच आपल्याला वाटायला लागतं.

आपल्याकडे स्पर्धेत उलटं होतं. तीन वाक्यांचा रोल असलेला माणूस ती तीन वाक्यं अशी काही बोलतो की प्रेक्षकांनी टाळी दिलीच पाहिजे, मग खोकला, मग चष्मा पुसणं, मग धोतर सावरणं, समोरच्याचं वाक्य चालू असताना पण याचं काहीतरी चालूच. परीक्षकांना हे दिसतं बरं का. तर तालमीत हे करून बघा, तुमची सगळी वाक्यं काढून टाका आणि फक्त ऐकत सीन करा, समोरच्याच्या कोणत्या शब्दावर तुमच्या आत काही हलतं ते पेन्सिलने स्क्रिप्टवर मार्क करा. मग वाक्यं परत घाला. अर्धी वाक्यं नको वाटतील, आणि हेच पुढे लेखक म्हणून कामाला येतं कारण कोणतं वाक्य जास्तीचं आहे हे लेखकाच्या आधी नटाला समजतं.

छोटा रोल असण्याचा अजून एक फायदा कोणी मोजत नाही, मोकळा वेळ. हिरोला सीनमागून सीन असतात, तुम्हाला दिवसाला दोन. नाशकात आता मालिकांची शूटिंग होतात, एखाद्या दिवसाचं काम मिळालं तर व्हॅनिटीच्या सावलीत रील्स बघत बसू नका, असिस्टंट डायरेक्टरच्या आसपास राहा, मधेमधे न करता. सीन कागदावर काय होता आणि शूट होताना त्यातलं काय उडालं, का उडालं, लोकेशन बदललं की डायलॉगचं काय होतं, हे बघा. वेलंड ज्या मालिकेत होता तिचे सुरुवातीचे बरेच भाग चक्क लाइव्ह जायचे, म्हणजे चुकलं तर चुकलं, रिटेक नाही. तिथे तीनेक वर्षं काढलेल्या माणसाला सीन कुठे लांबतो आणि कुठे अडतो हे कोणत्या कोर्समध्ये जाऊन शिकायची गरज उरत नाही.

आणि रोल निवडताना लाजू नका. या माणसाने १९७१ ला 'स्ट्रॉ डॉग्ज'मध्ये पाद्री केला, आणि १९७९ ला लेखक डेनिस पॉटरच्या एका टीव्ही नाटकात चक्क सात वर्षांचा मुलगा, हाफ चड्डी घालून. तिथे सगळी मुलं मोठ्या नटांनीच केली होती, हेलन मिरन पण होती त्यात. वय पंचेचाळिशीला टेकलेलं आणि अंगाने भरलेला गडी, पण केला. आपल्याकडे बालनाट्यात झाड व्हायला सांगितलं की लोक रुसतात.

आता लेखनाकडे येऊ. विषय कुठून आणायचा? लोक पटकन म्हणतात इमॅजिनेशन. मला वाटतं आधी विचारपूस. 'चॅरिअट्स ऑफ फायर' १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकवर आहे, हॅरल्ड अब्राहम्सचं शंभर मीटरचं गोल्ड आणि एरिक लिडलचं चारशेचं. वेलंड लिहायला बसला तेव्हा त्या गोष्टीला पन्नासच्या वर वर्षं झालेली. तर त्याने पेपरात जाहिरात दिली की त्या ऑलिम्पिकच्या कोणाकडे आठवणी असतील तर कळवा! त्या टीममधल्या ऑब्री माँटेग्यू नावाच्या धावपटूच्या मुलाने ती वाचली, आणि वडिलांनी त्या काळात घरी आईला लिहिलेल्या पत्रांच्या प्रती पाठवून दिल्या. सिनेमात आईला लिहिलेली जी पत्रं वाचली जातात ती तिथली, मायना तेवढा बदलला आणि त्याचं कॉलेज ऑक्सफर्डचं केंब्रिज केलं. शंभर पुस्तकं वाचून पण असं पत्र सुचलं नसतं.

हे नाशकात करायला एकदम सोपं आहे. समजा गोदावरीच्या पुरावर काही लिहायचंय. आपल्याकडे पूर किती आला हे दुतोंड्या मारुतीवरून सांगतात, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. १९६९ चा महापूर बघितलेली माणसं अजून आहेत, रविवार कारंजा, भांडीबाजार, पंचवटी, जुन्या वाड्यांमधे. २००८ चा तर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतः बघितलाय. सोसायटीच्या ग्रुपवर, ज्येष्ठ नागरिक संघात, ओळखीच्या किराणा दुकानात एक कागद लावा, पुराची आठवण, फोटो, पत्र काही असेल तर ऐकायला आवडेल. आणि भेटायला गेलात की पूर कसा होता असं विचारू नका, ते सगळे एकच उत्तर देतात, लई भयानक होता बघा. असं विचारा की त्या रात्री जेवायला काय होतं, घरातून पहिली वस्तू कोणती उचलली, शेजारचं कोण तुमच्याकडे झोपायला आलं आणि किती दिवस राहिलं, नंतर त्यांच्याशी भांडण कधी झालं. माणूस एकदम वस्तूंवर येतो, पितळी डबा, शिवणयंत्र, लग्नाचा अल्बम, आणि मग तुम्हाला सीन मिळतात. रेकॉर्ड करायच्या आधी परवानगी घ्या, आणि चहा दिला तर प्या, अर्ध्या गोष्टी चहानंतर निघतात.

असंच जुन्या सिनेमा थेटरांवर, संपावर, ओझरच्या एचएएल कॉलनीवर, सिंहस्थावर करता येईल. संपावरून आठवलं, वेलंडने १९७४ ला लीड्समधल्या कपड्यांच्या कारखान्यातल्या बायकांच्या संपावर टीव्हीसाठी लिहिलं होतं, 'लीड्स युनायटेड', आणि तो संप १९७० चा, म्हणजे अगदी ताजा. जुनंच पाहिजे असं काही नाही.

मटेरियल जमलं की सगळ्यात मोठा घोळ हा होतो की जे खरं घडलं ते सगळं घालायचा मोह होतो. लिडलचं उदाहरण घ्या. तो पक्का धार्मिक, शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी म्हणून धावायला नाही म्हणाला. प्रत्यक्षात वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधी कळलं होतं आणि तो निवांत चारशेची तयारी करत होता. सिनेमात त्याला हे पॅरिसला जायच्या बोटीवर चढताना कळतं. खरं पहिलंच आहे, पण पडद्यावर कित्येक महिने विचार करणारा माणूस दाखवणार कसा? म्हणून वेळ दाबली. त्याची श्रद्धा, त्याचा नकार, त्याचं जिंकणं, यातलं काही बदललं नाही. माझ्या मते हीच लिमिट ठेवावी, कधी घडलं हे हलवा, का घडलं हे हलवू नका. जिवंत माणसांबद्दल असेल तर नावं बदला आणि त्यांना आधी सांगा, नाहीतर गावात तोंड दाखवायची पंचाईत.

आता प्रॅक्टिस. एकच सोपा एक्सरसाइज देतो, शिपायाचा. स्क्रिप्टमध्ये नेहमी एक शिपाई असतो आणि त्याचं एकच वाक्य, साहेब मीटिंगमध्ये आहेत. असा रोल तुम्ही केलाय, मीही केलाय, आणि तो करताना काय वाटतं हे आपल्याला माहितीये. आता लेखक म्हणून त्या शिपायाला काहीतरी हवं असू द्या. समजा बाहेर बसलेला म्हातारा सकाळपासून तिसऱ्यांदा विचारतोय, आणि शिपायाला साहेबांनी सांगितलंय की त्याला आत सोडायचं नाही.

म्हातारा म्हणतो, साहेब आले का.
शिपाई म्हणतो, बाबा तुम्ही जेवलात का.
म्हातारा म्हणतो, आधी सही होऊ द्या.
शिपाई घड्याळाकडे बघतो, आणि म्हणतो, खालचं कँटीन दोनला बंद होतं. साहेबांची गाडी पण दोनलाच निघते, मागच्या गेटने.

शिपायाने नियम मोडला नाही, आत सोडलं नाही, साहेबांविरुद्ध एक शब्द बोलला नाही, तरी सगळं सांगितलं. आणि हा रोल करायला कोणताही चांगला नट तयार होईल. असे दहा जण लिहा, रिसेप्शनिस्ट, कंडक्टर, नर्स, लग्नातला आचारी, द्राक्षाच्या पेट्या भरणारी बाई. प्रत्येकाला एक इच्छा आणि एक अडचण. हिरो नंतर लिहा, तो कसाही सुचतो.

फॉरमॅटला घाबरू नका. सीन नंबर, आत की बाहेर, जागा, दिवस की रात्र, मग काय दिसतंय ते वर्तमानकाळात, मग पात्राचं नाव आणि डायलॉग. साधारण एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट असा ठोकताळा आहे. गुगल डॉक्सवर युनिकोड मराठीत टाइप केलं तरी चालतं, महागडं सॉफ्टवेअर घेतल्याने सीन सुधारत नाही. पात्राच्या मनातलं लिहायचं नाही, त्याला वाईट वाटलं असं लिहिलं तर कॅमेरा काय शूट करणार? त्याने ताट सरकवलं, असं लिहा.

आणि एकदा लिहिलेलं फेकू नका. वेलंडचं १९७३ चं एक टीव्ही नाटक होतं, 'किसेस अ‍ॅट फिफ्टी', पन्नाशीला आलेला कामगार संसार सोडून दुसऱ्या बाईत गुंततो त्याचं. बारा वर्षांनी त्याचा अमेरिकेत सिनेमा झाला, 'ट्वाइस इन अ लाइफटाइम', जीन हॅकमनला घेऊन, आणि पटकथा याचीच. म्हणजे एकांकिकेचं दोन अंकी, दोन अंकीचं वेबसिरीज, गोष्ट तीच, जागा बदलली. तुमच्या कपाटात पडलेल्या स्पर्धेच्या एकांकिका काढा बाहेर.

कोणी म्हणेल हे सगळं इंग्लंडचं आहे, आपल्याकडे कुठे असं होतं. अहो आपल्याच गावात झालंय! तात्यासाहेब शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, तरुणपणी इथल्या गोदावरी सिनेटोनमध्ये होते, 'सती सुलोचना'ची पटकथा त्यांनी लिहिली आणि त्याच सिनेमात लक्ष्मणाचं काम पण केलं. 'नटसम्राट' लिहिणाऱ्या माणसाने स्वतः तोंडाला रंग लावला होता हे किती नाशिककरांना माहितीये? आणि फाळके तर त्र्यंबकचेच. तर इथे बसून काही होत नाही ही तक्रार जरा जपून करावी.

आता रोजचं, व्यवहाराचं. हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेचं नाशिक केंद्र आहे, साधारण दिवाळीनंतर प्राथमिक फेरी असते, त्यात स्वतःचं नाटक घेऊन उतरा, आणि उतरला नाहीत तरी परशुराम साईखेडकर (प.सा.) नाट्यगृहात जाऊन सलग बघा, चांगलंही आणि पडलेलंही. पडलेल्या नाटकात कितव्या मिनिटाला लोक मोबाइल काढतात ते बघा, फुकटचं शिक्षण आहे. स्क्रिप्टा वाचायला सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० पासूनचं, नाटकांचं कपाट मागा. ज्युलियन फेलोज हा इंग्लिश नटसुद्धा वर्षानुवर्षं छोटे-मोठे रोल करत राहिला आणि मग 'गॉस्फर्ड पार्क' लिहून ऑस्कर घेऊन गेला, त्याच्या स्क्रिप्टमध्ये नोकरचाकरांचे रोल कसे आहेत ते बघा, शिपायाचा एक्सरसाइज तिथे पूर्ण सिनेमाभर चालतो.

ऑडिशन आता बहुतेक सेल्फ टेपवरच असते, म्हणजे घरीच मोबाइलवर शूट करून पाठवायची, त्यासाठी पंचवटी एक्सप्रेस पकडायची गरज नाही. मोबाइल आडवा, वेगळं सांगितलं असेल तर उभा, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर, मागे साधी भिंत, कंबरेपासून वर फ्रेम, समोरची वाक्यं वाचणारा माणूस कॅमेऱ्याच्या शेजारी आणि त्याचा आवाज तुमच्यापेक्षा कमी. फिल्टर नाही, म्युझिक नाही. नाव, वय, उंची, गाव, आणि दोन्ही बाजूंचे प्रोफाइल. गाव नाशिक सांगा, मुंबई सांगून नंतर कसारा घाटात अडकलोय असा फोन करण्यापेक्षा बरं. आणि ऑडिशनसाठी, रजिस्ट्रेशनसाठी, कार्ड काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर सरळ फोन ठेवा, काम देणारा माणूस तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही.

स्क्रिप्टचं तसंच. नुसत्या आयडियाला कॉपीराइट नसतो, लिहिलेल्याला असतो, म्हणून कट्ट्यावर गोष्ट सांगत फिरू नका, आधी लिहून काढा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होता येतं आणि स्क्रिप्ट ऑनलाइन रजिस्टर करता येते, अंधेरीला चकरा मारायला लागत नाहीत. मग ज्याला पाठवायची त्याला ईमेलने पीडीएफ, रजिस्ट्रेशन झाल्यानंतरच, आणि ईमेलमध्ये दोन ओळीत लिहा काय पाठवलं ते. व्हॉट्सअ‍ॅपवर वर्ड फाइल टाकायची नाही, मित्र असला तरी.